कारण: रुग्णाची इच्छा नाही

३ सप्टेंबर

ती. दादा,

आज सकाळी प्रयोगशाळेत गेले. बियाण्याच्या चोवीस थाळ्या मोजल्या. किती दाणे अंकुरले, किती कुजले ते लिहिलं. दुपारी दोन तास वीज नव्हती. पाच वाजता घरी आले तेव्हा ताईच्या खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र न्यायला माणूस दारात उभा होता. महिनाभर मी सांगत होते, आज आला. यंत्र दिलं, सही केली. मग तुझा निरोप ऐकला. पावणेतीन मिनिटांचा होता. दोनदा ऐकला.

मी पत्र लिहिते आहे याचं तुला हसू येईल. फोनवर मी एक वाक्य बोलेपर्यंत तू तीन बोलतोस, आणि शेवटी माझंच वाक्य तुझ्या शब्दांत मला परत सांगतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

तुला ताईचा फोटो हवा आहे. पाच ऑक्टोबरला डॉक्टरांच्या परिषदेत तुझं भाषण आहे. विषय, कॅन्सरचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यातच व्हिडिओवर भेट झाली तर उपचार किती लवकर सुरू होतात. हा आता तुझ्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे म्हणतोस. केसांचा डॉक्टर एवढ्या लवकर जिव्हाळा बदलू शकतो हे मला माहीत नव्हतं. पुढे म्हणालास, "ताईला ही माझी श्रद्धांजली असेल, धाकटे. तुझ्याही चार ओळी दे. मनाला भिडतील अशा."

मला तशा ओळी येत नाहीत. मी तपासणीचे अहवाल लिहिते.

निरोपाबरोबर तू भाषणातलं एक पान पाठवलं आहेस. "रुग्ण: स्त्री, वय ६३. पहिली व्हिडिओ भेट रुग्णाने नाकारली. संभाव्य कारण: पडद्याची भीती, नव्या साधनांवर अविश्वास. निदान ते उपचार: ६६ दिवस." खाली फोटोसाठी रिकामा चौकोन.

आपली ताई बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. समोरचा माणूस 'हॅलो' म्हणाला की तो उभा आहे की बसलेला, हे ती सांगायची. तिला पडद्याची भीती. हे टंकताना तुझा हात अडला नाही, की हे काम तू दुसऱ्या कुणाला दिलंस?

रुग्णालयाच्या फाइलमध्ये 'रुग्णाची इच्छा नाही' असं आहे, म्हणून तू लिहिलंस, हे मला कळतं. ते तिथे कसं आलं, हे आज लिहीत नाही.

फोटो पाठवत नाही.

धाकटी


१० सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं. मी हळवी झाले आहे, आणि "घटनाक्रम नीट आठवत नसेल तर सोडून दे" असं तू म्हणतोस. माझं पोट घटनाक्रमावर चालतं. बियाणं पेरलं की चौथ्या दिवशी मोजायचं, मग आठव्या दिवशी. नवव्या दिवशी मोजून आठवा लिहिला तर ती थाळी मी स्वतः बाद करते. तेव्हा घटनाक्रम ऐक.

बारा फेब्रुवारीला तपासणीचा अहवाल आला. पोटातली गाठ कॅन्सरची होती. ताईने तो स्वतः वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "मुके, आता तरी काहीतरी बोल." मी चहा टाकला.

दुसऱ्याच दिवशी रुग्णालयातून एका परिचारिकेचा फोन आला. निदान झालेल्या नव्या रुग्णांना पहिल्या आठवड्यात व्हिडिओवर भेटायचं, हेच तिचं काम. तिने शांतपणे समजावलं. मोठ्या डॉक्टरांची समोरासमोर भेट पंचवीस मार्चला आहे. पण त्याआधी सोळा फेब्रुवारीला व्हिडिओवर भेट झाली, तर तिथली डॉक्टर सगळं विचारून घेईल, स्कॅन, रक्त, हृदयाची तपासणी एकदमच लिहून देईल, आणि फाइल पुरी झाली की ती डॉक्टरांच्या दर आठवड्याच्या बैठकीत जाईल. मग पंचवीस मार्चची वाट बघावी लागत नाही. बहुतेकांचे उपचार तीन-चार आठवड्यांत सुरू होतात. घरातून उठायचंसुद्धा नाही.

ताई फोन कानाला लावून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "चांगली ऑपरेटर आहे. घाई नाही आणि पाल्हाळही नाही." यापेक्षा मोठी शाबासकी ताईने कुणाला दिलेली मी ऐकलेली नाही.

आणि मग आपल्या घरात जे पन्नास वर्षं चालत आलं आहे ते झालं. आई म्हणायची, डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, आणि 'डॉक्टर' म्हणजे तू. तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून. आईला ताप आला की तुझा हात तिच्या कपाळावर ठेवायचा आणि तू मान हलवायचास. आम्ही दोघी बहिणी दाराशी उभ्या राहून निकालाची वाट बघायचो. आई गेली तरी आम्ही दाराशीच होतो. म्हणून चौदा तारखेला मी तुला फोन केला.

तुझं वाक्य मला शब्दशः आठवतं. "दाखवायचं असेल तर समोर नेऊन दाखवायचं. कॅन्सर काय पडद्यावर दाखवतात? हे असले कॉल म्हणजे गर्दी कमी करायची युक्ती असते. वेळ रद्द कर. पंचवीस तारखेला मी स्वतः येतो, मी बोलतो त्यांच्याशी."

मी म्हटलं, ताईला हवं आहे. तू म्हणालास, "ताईला काय कळतंय त्यातलं?"

तू काय म्हणालास ते आठवत नाही असं तुझ्या उत्तरात आहे. आता आठवायला अडचण नसावी.

धाकटी


१९ सप्टेंबर

दादा,

या वेळी तू फक्त एक ओळ पाठवलीस. "वेळ रद्द मी केली नाही, तू केलीस."

बरोबर आहे. इतक्या दिवसांत तू लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याला मी उत्तर देते, कारण ते मी देणं लागते.

पंधरा तारखेला दुपारी, ताई झोपलेली असताना, मी तिच्या फोनवर रुग्णालयाचं पान उघडलं आणि वेळ रद्द केली. रद्द करताना कारण विचारतात. तीन कारणं दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं. इंटरनेटची अडचण. दुसरीकडे उपचार घेत आहोत. रुग्णाची इच्छा नाही. 'भाऊ नको म्हणतो' असं चौथं कारण नव्हतं. पहिली दोन उघड खोटी होती, आणि खोटी नोंद करायची मला सवय नाही. म्हणून मी तिसरं निवडलं. तेही खोटं होतं, पण तपासायला कुणी येणार नव्हतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बियाण्याच्या पाकिटांवरचे दाखले तपासते, आणि स्वतःच्या बहिणीवर मी हा दाखला चिकटवला. तुझ्या भाषणातली 'पडद्याची भीती' याच तीन शब्दांतून उगवली आहे. बी माझं आहे. एवढं माझं मी घेते.

सोळा तारखेला सकाळी ताईने केस विंचरले. निळी साडी नेसली. खिडकीकडे पाठ येऊ नये म्हणून खुर्ची फिरवून घेतली, नाहीतर चेहरा काळा दिसतो म्हणाली. फोन पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. विचारायचे सात प्रश्न तिने कागदावर लिहून ठेवले होते. अकराला दहा कमी असताना मी तिला सांगितलं, त्यांनीच वेळ रद्द केली, डॉक्टर नाहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तिने कागदाची घडी घातली आणि साडी बदलायला गेली.

मग सदतीस दिवस. पोट फुगायला लागलं. जेवण दोन घासांवर आलं. दर रविवारी तू फोन करून "काय म्हणतेय तब्येत?" विचारायचास, ती "बरी आहे" म्हणायची, आणि तू ते ऐकून समाधानाने फोन ठेवायचास. बत्तीस वर्षं जिने लोकांचे आवाज ओळखले तिच्या आवाजात काय आहे हे ओळखायला तू एकदाही दोन सेकंद थांबला नाहीस. तारेवरून माणूस कळत नाही हे तुझ्यापुरतं खरं होतं.

पंचवीस मार्चला तू आलास. त्या दिवसाबद्दल तू भाषणात काही लिहिलेलं नाहीस, म्हणून मी लिहिते. आपण अडीच तास बाकावर बसलो. ताई भिंतीला डोकं टेकून होती. तू दोनदा खिडकीवर जाऊन आपण डॉक्टर असल्याचं सांगून आलास. खिडकीवरची बाई म्हणाली, "हो का? बसा." ताईला इतक्या दुखण्यात हसू आलं.

आत आपल्याला सहा मिनिटं मिळाली. माझ्या समोर घड्याळ होतं. पहिली दोन मिनिटं तू स्वतःची ओळख करून दिलीस. कुठे शिकलास, कुठे असतोस, किती शोधनिबंध. मोठे डॉक्टर वयाने तुझ्याहून बरेच लहान होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग संगणकात पाहिलं आणि विचारलं, "स्कॅन कुठे आहे?"

तू म्हणालास, ते तुम्ही आज सांगाल ना.

ते म्हणाले, "त्या तपासण्या व्हिडिओ भेटीत लिहून देतात. ती भेट तुमच्याकडे झालेली नाही. स्कॅनशिवाय मी काय सांगणार? आधी ती भेट करून घ्या. मी आजच सांगून ठेवतो, परवाची वेळ मिळेल."

सदतीस दिवस थांबून आपण समोरासमोर गेलो आणि त्यांनी आपल्याला पडद्याकडे परत पाठवलं. तुझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "इथे सगळा कारभारच ढिसाळ आहे." दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेलास. परवाच्या वेळेला तू नव्हतास.

हे तू भाषणात 'व्यवस्थेतील त्रुटी' या शीर्षकाखाली घातलं आहेस का? तुझी परवानगी असेल तर मी त्रुटीचा फोटो पाठवते. त्या दिवशी बाकावर तू स्वतःचाच काढलेला आहेस, मागे ताईचा अर्धा खांदा दिसतो.

धाकटी


२७ सप्टेंबर

दादा,

काल तुझा फोन आला तो मी उचलला नाही. नंतर वहिनीचा आला, तो उचलला. ती म्हणाली, त्यांनाही दुःख आहे हो, ते दाखवत नाहीत. मी म्हटलं, ते परिषदेत दाखवणार आहेत. मग म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबर असेल, पण मला त्यांच्याबरोबर राहायचं आहे." त्या घरातलं शहाणं माणूस कोण याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

आता सत्तावीस मार्चचं सांगते. तुला उपयोग होईल. ज्या गोष्टीवर भाषण करायचं ती कशी असते हे निदान ऐकलेलं असावं.

अकरा वाजता पडद्यावर तीच परिचारिका आली आणि तिच्याबरोबर एक तरुण डॉक्टर. आमची भेट बेचाळीस मिनिटं चालली. पंचवीस तारखेच्या सातपट. डॉक्टरने ताईला फोन जरा खाली धरायला सांगून पाय बघितले, बोटाने घोटा दाबायला लावला, खड्डा किती वेळ राहतो ते बघितलं. उजेडाकडे तोंड करायला सांगून डोळे बघितले. मला स्वयंपाकघरातून औषधांचा डबा आणायला लावला आणि एकेक पाकीट पडद्यासमोर धरायला लावलं. त्यातलं एक तिथल्या तिथे बंद केलं. तिघींच्या बोलण्यातच तिने तीन तपासण्या एका दिवशी बसवल्या, कारण ताईला तीन खेपा झेपणार नाहीत हे तिला पडद्यावरून दिसलं. तुला बाकावर शेजारी बसून दिसलं नव्हतं.

ताईने सातही प्रश्न विचारले. कागद तोच होता. शेवटचा प्रश्न होता, "मला खोटं न सांगता सगळं कोण सांगेल?" डॉक्टर म्हणाली, मी सांगेन. आणि तिने शेवटपर्यंत सांगितलं.

मी डबा परत ठेवायला आत गेले तेव्हा परिचारिकेने ताईला विचारलं. माझ्यासमोर विचारायचं नसावं. "तुम्ही पहिली वेळ नको म्हणाला होतात. काही भीती वाटली होती का?"

मी ओट्यापाशी उभी राहिले.

ताई म्हणाली, "हो, मीच नको म्हटलं होतं. त्याचं आता काही नाही. पुढचं विचारा."

दादा, तिला माहीत होतं. मी 'हो' म्हटलं त्याच क्षणी तिला कळलं असणार. माझा आवाज तिने जन्मापासून ऐकलेला होता. एकोणचाळीस दिवस ती त्या खोट्याबरोबर माझ्या शेजारी झोपली, आणि वेळ आल्यावर तिने ते उचलून स्वतःच्या नावावर घेतलं. मी आतून बाहेर जाऊन 'नाही, मी' म्हणायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.

पुढचं तुला माहीत आहे. आठ एप्रिलपर्यंत तपासण्या झाल्या, एकोणीसला उपचार सुरू झाले. तोवर पोटात पाणी झालं होतं आणि गाठ यकृतापर्यंत गेली होती. केस गेले तेव्हा ताई म्हणाली, "आता कुठे डॉक्टरच्या विषयातला आजार झाला. आता विचारा त्याला." तुला हे तेव्हा कळवलं नव्हतं. आता कळवते.

जुलैत मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मार्चच्या सुरुवातीला सुरू झालं असतं तर? ते म्हणाले, वाचल्या असत्या असं मी म्हणू शकत नाही. वाचल्या नसत्या असंही म्हणू शकत नाही. ते वाक्य मी बरोबर घेऊन फिरते. तूही अर्धं घे. तुला कोणतं अर्धं हवं आहे हे मला ठाऊक आहे, पण वाक्य तसं तुटत नाही.

धाकटी


४ ऑक्टोबर

दादा,

आज रजा घेतली. नऊच्या बसने रुग्णालयात गेले. नोंदी ठेवतात ती खोली तळघरात आहे, दार लोखंडी. तिथल्या कारकुनाने विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, मृत रुग्णाच्या फाइलमधली एक नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त करायची आहे. तो म्हणाला, "बाई, लोक जिवंतपणी करत नाहीत, तुम्ही आता करताय. त्यांना काय फरक पडणार?" मी म्हटलं, त्यांना नाही पडणार. मला अर्ज द्या.

त्याने बऱ्याच वेळाने एक छापील अर्ज शोधून काढला. चुकीची नोंद, योग्य नोंद, चूक कोणाकडून झाली, सही. त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्यानेच लिहिलं:

"पहिल्या व्हिडिओ भेटीस रुग्णाची पूर्ण तयारी होती. त्या वेळेवर तयार होऊन बसल्या होत्या. भेट रुग्णाच्या धाकट्या बहिणीने, तिच्या मोठ्या भावाच्या सांगण्यावरून, रुग्णाला न विचारता रद्द केली आणि कारण खोटे नोंदवले."

कारकुनाने वाचलं. माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. "धाकटी बहीण म्हणजे?"

"मी."

मग त्याने काही विनोद केला नाही. शिक्का मारला, प्रत दिली. वर जाऊन ती परिचारिका भेटते का पाहिलं. एका लहान खोलीत कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होती, घाई नाही आणि पाल्हाळही नाही. ती मोकळी होईपर्यंत थांबले आणि प्रत तिच्या हातात दिली. तिने वाचून विचारलं, हे आमच्या पानावर चौथं कारण म्हणून घालायला सांगू का? 'घरचे नको म्हणतात'. असे बरेच असतात, आम्हाला कळलं तर आम्ही परत फोन तरी करू. मी म्हटलं, घाला. तिने काही सांत्वन केलं नाही, हे बरं झालं.

घरी आले तर तुझा निरोप होता. सतरा सेकंदांचा. "ताईचं पान मी काढून टाकतोय. त्याऐवजी दुसरा रुग्ण घेतलाय. आता हा विषय संपव."

काढलंस ते ठीक केलंस. माझ्या पत्रांमुळे तुला लाज वाटली असं मी समजत नाही. सभागृहात कुणी प्रश्न विचारला तर काय, एवढाच हिशेब तू केला असशील. उद्या तू उभा राहशील, पहिल्या आठवड्यातली भेट किती मोलाची हे सांगशील, आणि तू सांगशील ते सगळं खरं असेल. दुःख तेच आहे. ऐकणारे टाळ्या वाजवतील. त्यातला एखादा खरंच परत जाऊन तसं काम सुरू करील आणि कुणाची तरी बहीण तिसऱ्या आठवड्यात उपचाराला लागेल. म्हणून मी परिषदेला काही कळवलेलं नाही. तुझ्या तोंडून का होईना, ते लोकांना ऐकू जाऊ दे.

अर्जाची प्रत यासोबत आहे. तुझ्याबद्दल त्यात चार शब्द आहेत. जास्त लिहायला रकान्यात जागा नव्हती आणि गरजही नव्हती. यापुढे ताईची फाइल कुणी उघडली तर त्याला ती खुर्चीत तयार होऊन बसलेली सापडेल. एवढंच मला हवं होतं. तुझ्याकडून काही नको आहे. उत्तर पाठवू नकोस. तब्येतीचं काही विचारायचं झालं तर मी त्या परिचारिकेला विचारीन.

इथवर लिहून मध्ये उठावं लागलं. न्हाणीघरातला दिवा सकाळीच गेला होता आणि आता अंधारायला लागलं आहे. नवा दिवा कपाटात होता. स्टूल एका पायाने डगमगतं, कुणीतरी धरावं लागतं. भिंतीला पूर्ण टेकवून पाहिलं तर हललं नाही. एक हात भिंतीवर ठेवून चढले, जुना काढला, नवा बसवला, उतरले. लागला.

धाकटी